फ्लशची टाकी गुपचूप गळतेय का? रंग टाकून बघा

नळ टपटपला की लगेच लक्षात येतं. फ्लशच्या टाकीतलं पाणी मात्र आवाज न करता कमोडमध्ये झिरपत राहतं आणि रात्रंदिवस चांगलं पाणी वाया जातं. ते ओळखायला प्लंबरची गरज नाही.

१. टाकीचं झाकण उघडून पाण्यात खाण्याच्या रंगाचे 8-10 थेंब टाका. लाल किंवा निळा रंग चटकन दिसतो.
२. अर्धा तास कोणीही फ्लश करायचं नाही. रात्री सगळे झोपताना केलं तर उत्तम.
३. मग कमोडमध्ये बघा. पांढऱ्या भांड्यावर मागच्या कडेने रंगाचा बारीक ओघळ दिसला, की टाकी गळतेय.

बहुतेक वेळा दोष टाकीच्या तळाच्या रबरी वायसरचा असतो. टाकीचा कॉक बंद करा, फ्लश करून टाकी रिकामी करा आणि वायसर बोटाने चोळून पुसा. त्यावर क्षाराचा खरखरीत थर बसलेला असतो, कधी तेवढा काढूनच गळती थांबते. रबर कडक झालं असेल किंवा त्याला चीर गेली असेल, तर बदलायलाच हवं. जुनं वायसर सोबत नेऊन त्याच मापाचं आणा. आणि हो, टाकीतलं पाणी मधल्या उभ्या नळीच्या तोंडाशी पोचत असेल, तर फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा गोळा किंवा डबी, थोडा खाली करा. तिथूनही पाणी जातं.

कपडे रंगवायचा रंग मात्र वापरू नका, डाग पडतात. तपासून झालं की लगेच फ्लश करा.