दगडी कोळशातलं झाड शोधताना : या चुका टाळा

जीसी-एमएसचा (मिश्रणातले रेणू वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्राचा) पहिला आलेख हाती पडला की नवखे थेट बायोमार्करची, म्हणजे मूळ सजीवाची खूण सांगणाऱ्या रेणूंची, यादी उघडतात. ब्लँक, म्हणजे नमुन्याविना कोरी चाचणी, चालवला का, विचारलं की गप्प. सगळ्यात महागात पडते ती हीच चूक.

एका विद्यार्थ्याने वर्धा खोऱ्यातला, चंद्रपूरकडचा कोळसा तपासायला घेतला होता. आलेखात निघाले बायकॅडिनेन नावाचे रेणू. हे रेणू येतात डामर राळेतून, म्हणजे साल वृक्षाच्या कुळातल्या सपुष्प झाडांकडून. पोरगं हवेत! निबंधाचं शीर्षकसुद्धा ठरलं. अरे, पण हा कोळसा पर्मियन काळातला, २५ कोटी वर्षांहून जुना, ग्लॉसोप्टेरिस या नामशेष, बिनफुलांच्या झाडांच्या जंगलांचा. सपुष्प वनस्पती यायला तेव्हा निदान १० कोटी वर्षं बाकी होती. खोदून विचारल्यावर कळलं, त्याच सॉक्सलेटमध्ये (द्रावकाने अर्क काढायच्या काचेच्या उपकरणात) आधी सुरत जिल्ह्यातल्या वस्तानचं लिग्नाइट, म्हणजे कोवळा तपकिरी कोळसा, लावलेलं. ते जेमतेम ५ कोटी वर्षांचं आणि राळेने गच्च. ‘ॲसिटोनने विसळलं होतं, सर.’ विसळलं होतं म्हणे! माझ्याकडे काचेची भांडी ४५० अंशांच्या भट्टीतून निघाल्याशिवाय हातात मिळत नाहीत. नुसत्या द्रावकाचा ब्लँक सगळ्यात आधी, नमुना त्यानंतर. दिवस वाया जातो, ही तक्रार मी ऐकून घेत नाही.

नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत आणू नका. आलेखात १४९ चं शिखर उगवतं, ते थॅलेटचं, म्हणजे प्लॅस्टिक मऊ करणाऱ्या रसायनाचं. ॲल्युमिनियम फॉइल काय सोन्याची असते?

होपेन हे रेणू दिसले म्हणून ‘वनस्पतींचा पुरावा’ लिहू नका. ते जिवाणूंचे.

दुसरी चूक जरा अभ्यासू मुलांची. पानांवरच्या मेणात २७, २९, ३१ अशा विषम कार्बनसंख्येचे अल्केन (कार्बन-हायड्रोजनच्या साखळ्या) जास्त असतात, हे पाठ असतं. मग एखाद्या पक्व, म्हणजे जमिनीखाली बराच तापलेल्या बिट्युमिनस कोळशात विषम-सम जवळपास सारखे दिसले की निष्कर्ष तयार : इथे झाडं नव्हतीच! उष्णतेने लांब साखळ्या तुटतात, नव्या तयार होतात आणि विषमांचं वर्चस्व पुसलं जातं, एवढंच. लाकडाला कडकपणा देणाऱ्या लिग्निनचंही तेच. कॉपर ऑक्साइडने ऑक्सिडीकरण केलं की पीट (कोळशाआधीची दलदलीतली वनस्पतींची माती) आणि कोवळ्या लिग्नाइटमधून लिग्निनची खूण असलेलं व्हॅनिलिन मिळतं. बिट्युमिनस कोळशात ते शोधत बसणारे पाहिलेत मी. व्हॅनिलिनला लागणारे लिग्निनचे मिथॉक्सी गट तिथे केव्हाच झडलेले असतात. म्हणून आधी व्हिट्रिनाइटची (कोळशातल्या लाकडापासून बनलेल्या घटकाची) परावर्तकता मोजा, ती कोळसा किती पक्व ते सांगते, मग कुठला पुरावा मागायचा ते ठरवा. मापनाला कंटाळून लोक दुसऱ्या कुणाच्या तक्त्यातला आकडा उचलतात. त्याच खाणीचा, पण भलत्याच थराचा.

राहिली सॉफ्टवेअरची लायब्ररी, म्हणजे माहीत रेणूंच्या वर्णपटांचा साठा. तिने ‘फायलोक्लॅडेन’ हा रेणू सुचवला की मुलं तसंच उतरवतात. पण कौरेन या दुसऱ्या रेणूचं वस्तुमानही २७४ च, वर्णपटही बराचसा तसाच. शुद्ध प्रमाण-नमुन्याशी धारणकाळ, म्हणजे रेणूला यंत्रातून बाहेर पडायला लागणारा वेळ, जुळवा. तसा नमुना मिळत नसेल तर ‘डायटर्पेन, रेणुभार २७४’ एवढंच लिहा.