नेब आणि इनहेलरचं कोडिंग: ५९ ठोकून मोकळं होणाऱ्यांनो, या चुका टाळा

अमेरिकेच्या मेडिकल क्लेम्सवर, म्हणजे विम्याच्या बिलांवर, काम करणारी आपल्याकडची नवी पोरं, पुण्यातली काय नि ऐरोलीतली काय, ९४६४० आणि ९४६६४ हे दोन उपचार-कोड एका चार्टवर दिसले रे दिसले की ५९ मॉडिफायर ('या दोन वेगळ्या सेवा आहेत' सांगणारी खूण) ठोकून मोकळी. एडिट (हे दोन कोड एकत्र आले की अडवणारी तपासणी) पार झाला, क्लेम गेला, टार्गेट पूर्ण. अरे पण नोट वाचली का कोणी?

९४६४० म्हणजे दम लागलेल्या पेशंटला नेब (नेब्युलायझर, औषधाची वाफ देणारं यंत्र) किंवा इनहेलरने औषध दिलं. ९४६६४ म्हणजे ते डिव्हाइस कसं वापरायचं हे दाखवलं किंवा पेशंटकडून करून घेऊन तपासलं. नेब लावताना नर्स 'हळू श्वास घे बाळा' म्हणते ते शिकवणं नाही हो, तो ट्रीटमेंटचाच भाग.

एका पेडियाट्रिक क्लिनिकच्या अकाउंटवर आमच्यातल्या एका पोराने सरसकट दोन्ही कोड ५९ लावून पाठवले, पैसेही आले, पोरगं खूश, आणि मग पेयरने, म्हणजे पैसे देणाऱ्या विमा कंपनीने, रेकॉर्ड्स मागवले. नोटमध्ये काय, तर 'नेब दिलं, पेशंट टॉलरेटेड वेल'. बस्स. पैसे परत गेले, पुढचे क्लेम्स पेमेंटच्या आधीच रिव्ह्यूला अडकायला लागले आणि क्लायंट कॉलवर शिव्या खाल्ल्या आम्ही. म्हणून मी कोड नंतर बघते, आधी नर्सची नोट उघडते. कुठलं डिव्हाइस, दाखवलं कोणी, पेशंटने स्वतः करून दाखवलं का, स्पेसर (इनहेलरला लावायची नळी) नीट धरला का. यातलं काही नसेल तर ९४६६४ सरळ काढते. प्रोव्हायडरला (उपचार करणाऱ्या डॉक्टरला) क्वेरी, म्हणजे लेखी प्रश्न, जाते, पण 'जरा लिहून द्या ना' असली क्वेरी माझ्याकडून जात नाही.

तीन नेब दिले म्हणून ९४६४० तीनदा, हा दुसरा लाडका प्रकार. सीपीटीत (या उपचार-कोडांच्या यादीत) रिपीटसाठी ७६ मॉडिफायर आहे, पण मेडिकेअरचा (अमेरिकी सरकारी विम्याचा) एनसीसीआय मॅन्युअल, म्हणजे कोड एकत्र लावण्याच्या नियमांचं पुस्तक, म्हणतो एका एपिसोड ऑफ केअरमध्ये एकदाच, त्यामुळे आधी पेयर बघा मग बोटं चालवा. सलग तासभर चाललं तर ९४६४४, पुढच्या तासांना ९४६४५, आणि सुरू-बंदची वेळ लिहिलेली हवीच.

९४०६० स्पायरोमेट्रीत (फुंकर मारून करायच्या फुप्फुसांच्या तपासणीत) दिलेला ब्रॉन्कोडायलेटर, म्हणजे श्वासनलिका मोकळी करणारं औषध, म्हणजे ९४६४० नव्हे.

डायग्नोसिस जे४५.९०९ आणि सोबत ९४६४०? अनकॉम्प्लिकेटेड दम्याला नेब कशाला, पेयर विचारणारच. एक्झासर्बेशन (दमा बळावल्याचं) लिहिलं असेल तर जे४५.९०१, नसेल तर मनाने डॉक्टर होऊ नका.

आणि जे७६१३ चं, म्हणजे नेबमधल्या अल्ब्युटेरॉल औषधाच्या कोडचं, एक युनिट १ मिग्रॅचं असतं. २.५ मिग्रॅच्या व्हायलला एक युनिट टाकणारे सर्टिफाइड लोक मला अजून भेटतात, त्यांना कोड डिस्क्रिप्शन वाचायलाही वेळ नसतो.