शालेय पोषण आहार : या चुका टाळा

शालेय पोषण आहाराच्या नोंदवह्या मी बावीस वर्षे लिहिल्या. आता निवृत्तीनंतर आसपासच्या शाळांतील नवे शिक्षक अडचण आली की फोन करतात, आणि अडचणी बहुधा त्याच त्या असतात.

पहिली चूक तरंगणाऱ्या दाण्यांची. तांदूळ धुताना काही पिवळसर, हलके दाणे वर येतात आणि ‘प्लास्टिकचा तांदूळ आला’ अशी गावभर हाकाटी होते. वास्तविक हे दाणे तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून यंत्रावर घडवलेले असतात आणि साधारण शंभर किलो तांदळात एक किलो या प्रमाणात मिसळले जातात. एका शाळेत नुकत्याच रुजू झालेल्या उत्साही मुख्याध्यापकांनी कोणालाही न विचारता ते वेचून टाकण्याचा हुकूम काढला. स्वयंपाकी ताई रोज सकाळी सूप घेऊन तासभर निवडत बसत, आणि रक्तक्षयाविरुद्ध पाठवलेले ते दाणे शेजारच्या कोंबड्या खात. मी पोहोचलो तेव्हा शिजलेल्या भाताचा चेंडू करून तो उसळतो हे दाखवायला पालक अंगणात जमले होते. कोणताही चिकट भात तसा उसळतो, पण ते ऐकायला कोणी तयार नव्हते. शेवटी विज्ञानपेटीतील आयोडिनची बाटली मागवली आणि वेचलेल्या दाण्यांवर व एका घरून आणलेल्या तांदळावर दोन-दोन थेंब टाकले. दोन्हींतला स्टार्च निळाकाळा झाला. प्लास्टिकचा रंग असा बदलला नसता. “हे आधीच सांगायचं होतं ना, गुरुजी,” असे एक आजी म्हणाल्या, आणि त्यांचे म्हणणे मला खोडता आले नाही. तेव्हापासून नवे पोते फोडताना चार पालकांना बोलावून हा प्रयोग करण्याचा माझा शिरस्ता आहे. तांदूळ दोनदाच, हलक्या हाताने धुवावा आणि पेज काढून टाकू नये, कारण तांदळात घातलेले सत्त्वही त्या पाण्याबरोबर जाते.

दुसरी चूक चव नोंदवहीची, आणि तिचा मला खरोखर संताप येतो. २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वाढण्यापूर्वी दोन-तीन प्रौढांनी, त्यांत किमान एका शिक्षकाने, अन्न चाखले पाहिजे. मी एका शाळेत गुरुवारी गेलो असता शनिवारच्या रकान्यात ‘चव उत्तम’ असा शेरा सहीसह तयार होता. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावी शाळेच्या जेवणातील तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक निघाले आणि २३ मुले दगावली, हे ज्याला ठाऊक आहे त्याने आगाऊ सही करू नये. मी वाढपाच्या अर्धा तास आधी चुलीजवळ बसून खात असे, आणि नुसते ‘उत्तम’ न लिहिता ‘मीठ जास्त’, ‘मटकी कच्ची’ असे लिहीत असे. कीटकनाशकाचा किंवा फिनाईलचा रिकामा डबा धान्यखोलीत दिसला की मी तो तिथल्या तिथे फोडत असे.

बाकीच्या चुका थोडक्यात. पटावरची संख्या पाहून शिधा काढू नये, हजेरी झाल्यावर काढावा. पहिली ते पाचवीला प्रत्येकी १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ, तर सहावी ते आठवीला १५० आणि ३० ग्रॅम हे प्रमाण आहे. दोघांना एकच पळी वाढली की मोठी मुले अर्धपोटी उठतात. अंदाजपंचे मुठी मोजणाऱ्यांनी एक तराजू घ्यावा. जेवणावर लगेच चहा देऊ नये, तो लोहाचे शोषण रोखतो. त्यापेक्षा लिंबाची फोड द्यावी.

एक चूक मात्र वरणभाताच्या आधीची आहे. परिपाठात चक्कर येणाऱ्या मुलाला आळशी ठरवून मागे उभे केले जाते, पण मजुरीला जाणारे आईवडील सातलाच घर सोडतात, मूल नुसत्या चहावर येते आणि ताट दुपारी समोर येते. तमिळनाडूने १५ सप्टेंबर २०२२ पासून सरकारी प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारी सुरू केली. आपल्याकडे तशी सोय नसली, तरी आठवड्यातून एकदा पूरक आहार, म्हणजे केळी किंवा चिक्की, मिळत असेल, तर तो शाळा सुटताना हातावर ठेवण्याची घाई करू नये. मी तो सोमवारी परिपाठापूर्वी वाटत असे, कारण रविवारी शाळेचे जेवण नसते आणि सोमवारची मुले सर्वांत गळालेली दिसतात.