दूधवाल्या भाऊंची वही

आपत्ती निवारणाच्या क्षेत्रात येऊ इच्छिणारे नागपूरचे विद्यार्थी मला बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात: पोहता आलेच पाहिजे का, आणि बोट चालवायला कुठे शिकवतात? प्रश्न रास्त आहे. परंतु या कामाचा पहिला धडा मला पोहता न येणाऱ्या एका दूधवाल्याने दिला, त्यामुळे उत्तराची सुरुवात मी त्यांच्यापासूनच करतो.

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे मी अंबाझरी परिसरातील एका घराच्या पहिल्या मजल्यावर भाड्याने राहत होतो आणि पदवीच्या शेवटच्या वर्षाला होतो. मध्यरात्रीनंतरच्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला आणि डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर अशा वस्त्यांत लोक झोपेत असतानाच पाणी शिरले. आदल्या दिवशी महालक्ष्म्यांचे पूजन झालेले असल्याने अनेक घरी पाहुणे मुक्कामाला होते आणि तळमजल्यावरच्या हॉलमध्ये गाद्या टाकून निजले होते. मतदार यादी किंवा शिधापत्रिका हाती घेऊन कोणी माणसे मोजू लागले असते, तर त्या रात्रीचा आकडा हमखास चुकला असता.

मी मदत करायची म्हणून खाली उतरलो आणि गुडघाभर पाण्यात चालू लागलो. दहाव्या पावलाला उघड्या चेंबरमध्ये पाय गेला. फाटकाचा गज हाती लागला म्हणून निभावले. चप्पल गेली, नडगी सोलली आणि शेजाऱ्यांना आपले काम सोडून मला ओढून काढावे लागले. वाहते पाणी केवळ 15 सेंटिमीटर असले तरी धडधाकट माणसाचा तोल जाऊ शकतो आणि 30 सेंटिमीटर पाण्यात लहान मोटार वाहून जाऊ शकते, हे मी पुढे प्रशिक्षणात शिकलो. काठीने पुढची जमीन चाचपल्याशिवाय आणि कमरेच्या दोराचे दुसरे टोक कोणाच्या तरी हाती दिल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकू नये. बुडणाऱ्याच्या दिशेने आधी काठी किंवा दोर जातो, स्वतः उडी मारणे हा सर्वांत शेवटचा आणि केवळ प्रशिक्षित माणसाने करायचा उपाय असतो.

उजाडताना आमच्या गल्लीचे दूधवाले भाऊ नेहमीप्रमाणे आले आणि चौकाच्या उंचवट्यावर, जिथे पाणी संपत होते तिथे, मोटारसायकल लावून उभे राहिले. बचाव पथकाची रबरी बोट आली तेव्हा पथकातील जवानांना गल्ली नवी होती आणि प्रत्येक गच्चीवरून हाका येत होत्या. भाऊंनी कॅनच्या कडीला अडकवलेली पिशवी उघडली, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली उधारीची वही काढली आणि ते सांगू लागले: “पयले त्या पिवळ्या फाटकाच्या घरी जा. खाली आजी आहे, तिले उठता येत नाही. लेक पुण्याले राह्यते, घरी दुसरं कोनी नाही.” पुढच्या घराविषयी त्यांनी जे सांगितले ते मी अजून विसरलेलो नाही: “इथं काल तीन लिटर जास्तीचं दूध गेलं. मानसं जास्त आहेत, दोन खेपा लागतील.”

खेपा खरोखरच दोन लागल्या. हाका मारणारे लोक गच्चीवर सुरक्षित होते, ज्यांना हाक मारता येत नव्हती ते तळमजल्यावर होते, आणि हा फरक त्या चौकात फक्त एका माणसाला ठाऊक होता. दुपारपर्यंत भाऊ तिथून हलले नाहीत. कॅनमधले दूध त्यांनी बाहेर काढलेल्या लेकराबाळांना वाटून टाकले आणि त्याचा हिशेब वहीत लिहिला नाही. त्यांच्या स्वतःच्या वस्तीतही पाणी शिरले होते, म्हशींसाठी आणलेली सरकीची ढेप भिजून वाया गेली होती. हे आम्हाला चार दिवसांनी समजले, आणि तेही त्यांच्या मुलाकडून.

नव्याने येणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी, की बोटीचे काम एका दिवसात संपते आणि चिखलाचे काम कित्येक आठवडे चालते. शासनाने बाधित कुटुंबांना 10,000 रुपयांची तातडीची मदत जाहीर केली, पण ती मिळण्यासाठी पंचनामा व्हावा लागतो आणि घाईने घर धुऊन काढलेल्या माणसाजवळ दाखवायला काही उरत नाही. म्हणून फावडे उचलण्याआधी भिंतीवरची पाण्याची रेघ आणि भिजलेले सामान यांची छायाचित्रे काढून ठेवायला लोकांना सांगावे. पायाला जखम असलेल्याला त्या चिखलात उतरू देऊ नये, कारण लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे दूषित पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाच्या आजाराचा, धोका असतो. पिण्याचे पाणी उकळावे, किंवा क्लोरीनची गोळी टाकून किमान अर्धा तास थांबावे. जुन्या कपड्यांचे ढीग मात्र कृपा करून कोणी आणू नयेत. आमच्या गल्लीत असा एक ढीग दिवाळीपर्यंत कुजत पडला होता. त्याऐवजी खराटे, फिनेल आणि गमबूट आणले असते, तर ते पहिल्याच दिवशी वापरात आले असते.

प्रशिक्षणाविषयी थोडक्यात सांगतो. ‘आपदा मित्र’ ही केंद्राची योजना 2016 मध्ये सुरू झाली आणि 2021 पासून 350 जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक घडवण्यासाठी तिचा विस्तार झाला. प्रशिक्षण 12 दिवसांचे असते. पुढची तुकडी कधी आहे, याची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयातील आपत्ती व्यवस्थापन कक्षात करावी. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आपल्याच शहरात आहे, तिथल्या अभ्यासक्रमांसाठी शारीरिक पात्रतेची अट आधी नीट वाचावी. एनडीआरएफमध्ये, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलात, थेट भरती होते, असा अनेकांचा समज असतो. तसे नसून त्या दलात केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांमधून माणसे प्रतिनियुक्तीवर येतात. अभ्यासाची बाजू भक्कम करायची असल्यास मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आपत्ती व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते, आणि नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी इग्नूची पदविका आहे.

पगाराबाबत खोटी आशा दाखवणार नाही. स्वयंसेवी संस्थांतील सुरुवातीच्या नोकऱ्या बहुधा कंत्राटी असतात, आणि वर्षाचे अकरा महिने याद्या करणे, बैठका घेणे व रंगीत तालमी करणे यांतच जातात. ज्यांना हे कंटाळवाणे वाटते ते लवकर गळतात, आणि त्यात गैर काही नाही.

गेल्या जूनमध्ये मी आमच्या प्रभागातील तळमजल्यांची यादी तयार केली: कोण एकटे राहते, कोण अंथरुणाला खिळलेले आहे, कोणाकडे ऑक्सिजनचे यंत्र आहे. आठ दिवस दारोदार फिरून केलेली ती यादी मी भाऊंना दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती सावकाश वाचली आणि माझ्याच पेनाने तीन ठिकाणी दुरुस्ती केली. पिवळ्या फाटकाच्या आजी उन्हाळ्यात गेल्या होत्या. कोपऱ्यावरचे घर विकले गेले होते. आणि मी ज्या घरापुढे दोन माणसे असे लिहिले होते, तिथे त्यांनी चार केले. “बाळंतीण आली आहे माहेरी,” ते म्हणाले, “पंधरवड्यापासून अर्धा लिटर जास्त जाते.”