मायक्रोव्होल्ट मोजताय? आधी वायर बघा

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत भट्टीचं तापमान मीटरवर बसल्या जागी नाचत होतं. मला वाटलं, मीटर गेला. मीटर ठणठणीत होता. थर्मोकपलची (दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून बनवलेला तापमानाचा सेन्सर) वायर मोटारीच्या केबलला बिलगून एकाच ट्रेमधून आली होती. के-टाइप थर्मोकपल अंशाला जेमतेम ४१ मायक्रोव्होल्ट, म्हणजे व्होल्टचे ४१ दशलक्षांश, देतं. शेजारी ढोल वाजत असताना कुजबुज ऐकायची म्हणजे अवघडच की!

तर सिग्नलची वायर पॉवर केबलपासून लांब न्या, ओलांडायचीच झाली तर काटकोनात. दोन्ही तारांना पीळ द्या, कोल्हापुरीच्या वेणीसारखा घट्ट. शिल्ड, म्हणजे तारांवरचं धातूचं आवरण, एकाच टोकाला अर्थ करा. दोन्हीकडे केलं की ग्राउंड लूप होतो, म्हणजे दोन अर्थमधून शिल्डमध्ये नको तो करंट फिरतो. मी ही चूक वर्षभर हौसेनं करत होतो. मीटरचं इंटिग्रेशन (एका रीडिंगसाठी सरासरी घ्यायचा वेळ) २० मिलिसेकंदांच्या पटीत ठेवा, म्हणजे मेन लाइनचा ५० हर्ट्झचा हम (गुणगुण) कापला जातो.

एवढं करूनही रीडिंग हळूहळू सरकतंय? मग तारांचे जोड बघा, तापमानात फरक पडला की तिथेही छोटा व्होल्टेज तयार होतो. तांब्यावर स्वच्छ तांबं दाबलं तर अंशाच्या फरकाला ०.२ मायक्रोव्होल्टहून कमी चूक येते. तेच काळवंडलेलं असेल तर ऑक्साइडमुळे हजाराच्या घरात! बारीक पॉलिश पेपरनं घासा, लगेच आवळा, वर थर्माकोलचा डबा पालथा घाला. डोक्यावरचा पंखा बंद. उकडलं तर उकडू दे.

मिलिओहम, म्हणजे अगदी कमी रेझिस्टन्स, मोजत असाल तर करंट उलटा करून दुसरं रीडिंग घ्या. दोन्हींच्या फरकाचं अर्धं करा, जोडांचा व्होल्टेज आपोआप वजा होतो.