जिनिंगच्या जुन्या सर्व्हरवरचं हार्टब्लीड कसं काढलं

यवतमाळकडच्या जिनिंगवर काटापावत्यांचा सर्व्हर अजून उबुंटू १२.०४ या जुन्या लिनक्सवर. नवी मशीन कापसाचे पैसे आल्यावर, तोवर निदान हार्टब्लीडचं भोक तरी बुजवायचं होतं.

ओपनएसएसएल म्हणजे इंटरनेटवरची देवाणघेवाण कूटबद्ध करणारी लायब्ररी. तिच्या १.०.१ ते १.०.१एफ या आवृत्त्यांत हा दोष आहे; १.०.० आणि ०.९.८मध्ये नाही. समोरचा 'हार्टबीट' (जोडणी चालू आहे ना, हे तपासणारा निरोप) पाठवताना मजकूर एक अक्षराचा देतो, लांबी मात्र ६४ केबी सांगतो. सर्व्हर न मोजता तेवढी मेमरी परत पाठवतो. त्यात पासवर्ड, सेशन, कधी खाजगी किल्लीही (सर्व्हरची गुप्त कूटकिल्ली) येते. नेहमीच्या लॉगमध्ये काही उमटत नाही.

आवृत्ती पाहून फसू नका. दुरुस्तीनंतरही उबुंटू '१.०.१, १४ मार्च २०१२' असंच दाखवतं. 'ओपनएसएसएल व्हर्जन -ए' देऊन 'बिल्ट ऑन' ओळ बघा: ७ एप्रिल २०१४ किंवा नंतरची हवी. अपडेट फक्त ओपनएसएसएलचं करून भागत नाही, लिबएसएसएल हे पॅकेजही बदलावं लागतं, खरी लायब्ररी त्यात असते.

खरी गोची पुढे. अपाची (वेब सर्व्हर), मेल, व्हीपीएन अशा चालू सेवा जुनीच लायब्ररी मेमरीत धरून बसतात. उघड्या फायली दाखवणाऱ्या 'एलएसओएफ' या आज्ञेत लिबएसएसएलसमोर 'डीईएल' (फाइल काढली, तरी वापरात) दिसलं की ती सेवा रीस्टार्ट करा. (यूपीएस नसेल तर भारनियमन हे काम फुकटात करतं.)

मग नवी किल्ली, तिच्यावर सर्व्हरची ओळख पटवणारं नवं प्रमाणपत्र, जुनं रद्द. जुन्याच किल्लीवर नवं प्रमाणपत्र घेणं म्हणजे कुलूप बदलून चावी तीच ठेवणं. पासवर्ड सगळ्यात शेवटी. आधी बदलले तर तेही गळतात.