सागरी संपत्तीचा कायदा आणि अर्थकारण: अभ्यास कुठून सुरू करावा

नवे विद्यार्थी बहुधा १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी करारापासून सुरुवात करतात आणि त्याच्या ३२० कलमांत अडकतात. आधी भारताचा १९७६ चा सागरी क्षेत्र कायदा वाचा. तो थोडक्या पानांचा आहे आणि अंतरे त्यातच सापडतात: प्रादेशिक समुद्र १२ सागरी मैल, संलग्न क्षेत्र २४, अनन्य आर्थिक क्षेत्र २००. सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. मोजणी आधाररेषेपासून (साधारणपणे ओहोटीच्या वेळच्या किनाऱ्याच्या रेषेपासून) होते, बंदरापासून नाही.

अंतर कळले की वस्तू कोणती, मासळी की खनिज, ते पाहा. घोळ इथेच होतो. राज्यघटनेत मासेमारी राज्यसूचीत आहे, पण प्रादेशिक समुद्रापलीकडची संघसूचीत. त्यामुळे रत्नागिरीच्या ट्रॉलरला १२ मैलांच्या आत महाराष्ट्राचा १९८१ चा कायदा लागतो, बाहेर केंद्राचे नियम. तेलाचे तसे नाही. राज्यघटनेच्या कलम २९७ नुसार समुद्राखालचे खनिज, अगदी १२ मैलांच्या आतलेही, केंद्राचे. म्हणून मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राची रॉयल्टी दिल्लीला जाते, तर आसामातल्या जमिनीवरच्या विहिरींची आसामला मिळते.

आर्थिक क्षेत्रावर ‘सार्वभौमत्व’ आहे असे लिहिले की गुण गेलेच समजा. तिथे फक्त संपत्तीपुरते सार्वभौम हक्क असतात. म्हणूनच तिथे बेकायदा मासेमारी करणारी परदेशी बोट पकडली, तरी वेगळा करार नसेल तर खलाशांना तुरुंगवास देता येत नाही (सागरी कराराचे कलम ७३), आणि वाजवी हमी भरली की बोट सोडावी लागते.

त्याच कराराचे कलम ८२ बहुतेक जण गाळतात, गाळू नये. २०० मैलांपलीकडच्या भूखंडमंचावर (किनाऱ्यापासून समुद्राखाली पसरलेल्या जमिनीवर) खनिज काढले तर पहिली ५ वर्षे माफ, सहाव्या वर्षी उत्पादनाच्या १ टक्का, मग दरवर्षी एकेक टक्का वाढत बाराव्या वर्षी ७ आणि पुढे तेवढेच. ही रक्कम आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणामार्फत इतर देशांत वाटायची. मात्र जे खनिज विकसनशील देश निव्वळ आयात करतो, त्यावर त्याला माफी आहे. भारत कच्चे तेल आयात करतो, तेव्हा ही अट नीट वाचा.

मासळीच्या अर्थशास्त्रात एक आलेख हाताने काढता आला पाहिजे: आडवी मासेमारीची मेहनत, उभे उत्पन्न आणि खर्च. समुद्र सगळ्यांना खुला असला की नफा शून्यावर येईपर्यंत बोटी वाढतात. डिझेलवर अनुदान दिले की खर्चाची रेषा खाली सरकते आणि त्याहून जास्त बोटी उतरतात. पश्चिम किनाऱ्यावरची १ जून ते ३१ जुलैची बंदी मासळीला अंडी घालायला वेळ देते. बोटींची संख्या तिने कमी होत नाही.